दरवर्षी नफा होतोय तरी एनपीव्ही मायनस, हे कसं काय?

खतावणीवाला

नमस्कार सगळ्यांना. अकाउंटिंग शिकतोय, ताळेबंद, कॅश फ्लो स्टेटमेंट, कॉस्टिंग इथपर्यंत व्यवस्थित चाललंय पण या सेमिस्टरला कॉर्पोरेट फायनान्स सुरू झालं आणि पहिल्याच गणितात अडकलोय, म्हणजे उत्तर काढता येतंय पण पटत नाहीये.

गणित असं आहे. मशीन ९०० ला घ्यायचं, आयुष्य ३ वर्षं, शेवटी भंगार किंमत शून्य, घसारा सरळ रेषा पद्धतीने वर्षाला ३००. विक्रीतून रोखीचे खर्च गेल्यावर दरवर्षी ३६० उरतात. कर २५%. म्हणजे ३६० मधून ३०० घसारा गेला, ६० राहिले, त्यावर कर १५, निव्वळ नफा ४५. तीन वर्षांत १३५ नफा. सरासरी गुंतवणूक ४५० धरली तर १०% परतावा. मला तर हे बरं चाललेलं काम वाटतं. पण उत्तरात लिहिलंय की १२% ने एनपीव्ही (पुढे येणाऱ्या रोखीची आजची किंमत वजा आजची गुंतवणूक) उणे ७१, प्रोजेक्ट नाकारा.

तर प्रश्न हे:
१) एकाही वर्षी तोटा नाही, तरी नाकारायचा का?
२) घसारा आधी वजा करून नंतर परत मिळवतात. मग मुळात वजा केलाच कशाला?
३) कंपनीवर कर्ज आहे असं गणितात दिलंय, पण कॅश फ्लोमध्ये व्याज कुठेच नाही. घसारा रोख जात नाही म्हणून सोडला हे समजलं, पण व्याज तर खरंच बँकेतून जातं ना?
४) ते १२% काढताना भागधारकांच्या पैशाचा खर्च १५% धरलाय. डिव्हिडंड देणं तर बंधनकारक नसतं, मग हा खर्च कसला आणि तो कुठल्या खात्याला नावे टाकायचा?

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त छळतोय. कोणी नीट समजावून सांगेल का, फॉर्म्युले नकोत, ते पुस्तकात आहेत.

जुनी_लेजर

प्रश्न चांगले विचारलेस, आणि हे चारही वेगवेगळे वाटले तरी मुळाशी एकच गोष्ट आहे, पण आधी सोपा दुसरा संपवू.

घसारा वजा करायचा तो फक्त कर काढायला. तुझ्या गणितात घसारा नसता तर ३६० वर २५% म्हणजे ९० कर गेला असता, घसाऱ्यामुळे तो १५ वर आला, म्हणजे ७५ वाचले. हे ७५ खरी रोख आहे. तेवढं झालं की घसाऱ्याचं काम संपलं, म्हणून तो परत मिळवायचा: ४५ अधिक ३००, म्हणजे ३४५ रोख. दुसऱ्या बाजूने करून बघ, ३६० चे ७५% म्हणजे २७०, अधिक ७५, पुन्हा ३४५. दोन्ही रस्ते कागदावर एकदा कर म्हणजे परत कधी शंका येणार नाही. आणि यात जो घसारा धरायचा तो कर खात्याला मान्य असलेला, पुस्तकातला नव्हे. कंपनीने पुस्तकात पद्धत बदलली आणि कराचा घसारा तोच राहिला तर नफा बदलेल पण रोख जराही बदलणार नाही.

आता पहिला. ९०० आज जातात, आणि ३४५ येतात एक, दोन, तीन वर्षांनी. १२% ने त्यांची आजची किंमत अनुक्रमे ३०८, २७५ आणि २४६ च्या आसपास, बेरीज साधारण ८२९. आज ९०० देऊन आजच्या हिशोबाने ८२९ ची वस्तू घेतोयस, ७१ कमी पडले. नफा-तोटा पत्रकात हे दिसत नाही कारण तिथे पहिल्या वर्षीचे १०० आणि तिसऱ्या वर्षीचे १०० एकाच वजनाने मोजले जातात, बेरीज करताना कोणी विचारत नाही की हे कधी आले.

तुझा तो १०% परतावा पण जरा तपास. प्रोजेक्टचा खरा दर, म्हणजे ज्या दराने तीन ३४५ मिळून बरोबर ९०० होतात तो आयआरआर, ७.३% च्या जवळ येतो. सरासरी गुंतवणुकीवर सरासरी नफा काढला की आकडा फुगलेला दिसतो कारण वेळेचा विचारच त्यात नाहीये. दोन्हीला "परतावा" म्हणतात पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या, परीक्षेत पण आणि नंतर नोकरीत पण एकाच ओळीत शेजारी ठेवून तुलना करायची नाही.

चक्रवाढ

ताईंनी दोन घेतले, मी व्याजावर लिहितो.

तुझ्या गणितात १२% कुठून आलं ते बहुतेक असं असेल: बाजारभावाने कंपनीचं ४०% भांडवल कर्जाचं, व्याज १०%, पण व्याजावर कर वाचतो म्हणून करानंतर ७.५%. उरलेलं ६०% भागधारकांचं, १५%. तर ०.४ गुणिले ७.५ म्हणजे ३, ०.६ गुणिले १५ म्हणजे ९, बेरीज १२. हाच तो वॅक, म्हणजे एकूण भांडवलाचा भारित सरासरी खर्च.

म्हणजे व्याज हिशोबातून सुटलेलं नाहीच, ते डिस्काऊंट रेटमध्ये, म्हणजे आजची किंमत काढायच्या दरात, बसलंय. तू ते कॅश फ्लोमधून पण वजा केलंस आणि वरून १२% ने डिस्काऊंट पण केलंस तर बँकेचे पैसे दोनदा दिल्यासारखं झालं. व्याजामुळे वाचणाऱ्या कराचंही तेच, तो १० ऐवजी ७.५ धरण्यात आलाय, म्हणून कॅश फ्लोमधला कर काढताना कंपनीवर कर्ज नाहीच असं समजून काढायचा. तुझे १५ असेच काढलेत, बरोबर आहेत.

व्याज वजा करून करण्याची पण एक पद्धत आहे, त्यात मुद्दल फेड पण वजा होते, गुंतवणुकीतून कर्जाची रक्कम पण वजा होते आणि मग फक्त भागधारकांच्या दराने डिस्काऊंट करतात. चालते ती पण. फक्त दोन पद्धतींची खिचडी करायची नाही, रोख कोणाची धरली आहे आणि दर कोणाचा धरलाय हे जुळलं पाहिजे.

आणि हे अकाउंटिंगबाहेरचं काही नाही बरं का. तू आयएएस ३६ हे अकाउंटिंग स्टँडर्ड शिकला असशील, मालमत्तेची किंमत घटली का ते तपासायला व्हॅल्यू इन यूज (ती वापरून मिळणाऱ्या रोखीची आजची किंमत) काढतात, तिथे पण भविष्यातल्या रोखीत फायनान्सिंगचे पैसे घेऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. आयएफआरएस १६ मध्ये भाडेपट्ट्याचं दायित्व ताळेबंदात घेतो ते पुढच्या हप्त्यांची आजची किंमतच असते. म्हणजे डिस्काऊंटिंग तुम्ही आधीपासून करताय, पेपरचं नाव तेवढं वेगळं होतं.

खतावणीवाला

दोघांचेही खूप आभार. २ आणि ३ एकदम क्लिअर झाले, आयएएस ३६ ची आठवण करून दिली ते तर फारच बरं झालं, तिथे आम्ही ती ओळ नुसती पाठ केली होती.

पण ४ अजून तसाच आहे. ७.५% समजतं, बँक मागते, द्यावंच लागतं, व्हाउचर बनतं. १५% कोण मागतं? एन्ट्री कुठे आहे त्याची?

जुनी_लेजर

एन्ट्री नाहीच आहे, आणि सगळं रहस्य त्यातच आहे.

नफा-तोटा पत्रकात कच्च्या मालाचा खर्च जातो, पगार जातो, भाडं जातं, कर्जाचं व्याज जातं. भागधारकाने जे भांडवल दिलंय त्याच्या वापराबद्दल मात्र काहीच जात नाही, डिव्हिडंड दिला तरी तो नफ्याची वाटणी म्हणून जातो, खर्च म्हणून नव्हे. का, तर व्यवहार घडलेला नाही, बिल नाही, करार नाही, आणि अकाउंटिंग घडलेले व्यवहार लिहितं. ते योग्यच आहे, तिथे अंदाजाचा खर्च घुसवायला लागलो तर ऑडिट कशाचं करणार. पण म्हणून तो खर्च नाही असं नाही. त्या माणसाने तेच पैसे तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी लावले असते तर त्याला सरासरी १५% मिळण्याची अपेक्षा होती, ते त्याने तुझ्या कंपनीसाठी सोडलंय. कॉस्टिंगमध्ये तू ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकलास ना, तीच ही.

आता तुझ्याच गणितावर दाखवते. कर्ज, भागभांडवल दोन्ही धरून भांडवलावर वर्षाला १२% असा खर्च आपण स्वतःच लावू, वर्षाच्या सुरुवातीला मशीनची जी पुस्तकी किंमत असेल तिच्यावर. (तुझ्या ४५ मध्ये व्याज वजा नाहीये म्हणून पूर्ण १२% लावायचे.)

पहिलं वर्ष: पुस्तकी किंमत ९००, १२% म्हणजे १०८. नफा ४५ वजा १०८, उणे ६३.
दुसरं: ६०० वर ७२. ४५ वजा ७२, उणे २७.
तिसरं: ३०० वर ३६. ४५ वजा ३६, अधिक ९.

बघ, तू म्हणालास एकाही वर्षी तोटा नाही, आणि भांडवलाचं भाडं धरल्याबरोबर पहिली दोन वर्षं तोट्यात गेली. आता या तिघांची १२% ने आजची किंमत काढ: उणे ५६.२५, उणे २१.५२, अधिक ६.४१. बेरीज उणे ७१.३६. दशांशाच्या फरकाने तुझा एनपीव्हीच आला!

हा योगायोग नाही, नेहमीच येतो. याला रेसिड्युअल इन्कम म्हणतात. मला स्वतःला वाटतं की अकाउंटिंगच्या मुलांना एनपीव्ही याच वाटेने शिकवला पाहिजे, कारण मग कळतं की फायनान्सवाले दुसरंच काहीतरी मोजत नाहीयेत, ते फक्त एक खर्च जास्त लावतायत जो आपल्या पुस्तकात कधी येत नाही.

उलटतपासणी

चर्चा छान चाललीये पण दुसरी बाजू पण मांडतो, कारण विद्यार्थी नवीन आहे आणि एनपीव्ही म्हणजे अंतिम सत्य असं डोक्यात बसायला नको.

४५ हा नफा झाल्यावर कोणीतरी तपासून सही करतं. उणे ७१ वर कोण सही करणार? ३६० हा पुढच्या तीन वर्षांचा अंदाज, आणि ते १५% तर अंदाजाचाही अंदाज. ते येतं बहुतेक सीएपीएममधून (जोखमीवरून अपेक्षित परतावा काढायचं मॉडेल) जे १९६४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ शार्प यांनी मांडलं: बिनजोखमीचा दर, अधिक बीटा गुणिले बाजाराचा जादा परतावा. उदाहरणार्थ ६ अधिक १.५ गुणिले ६ बरोबर १५. यातला बीटा, म्हणजे बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो तो आकडा, मागच्या भावांवरून काढलेला, आणि जादा परतावा ६ का ५ का ७ यावर तर जाणकारांतही एकमत नाही. डिस्काऊंट रेट १२% ऐवजी ७% धरला असता तर तुझा प्रोजेक्ट अधिक ५ ने पास झाला असता. म्हणजे प्रोजेक्ट तोच, मशीन तेच, निकाल उलटा.

म्हणून मी म्हणतो एनपीव्ही काढून थांबायचं नाही, उलटं गणित करायचं. किती रोख आली तर एनपीव्ही शून्य होईल? ९०० भागिले २.४०२ (तीन वर्षं दरवर्षी येणाऱ्या १ ची १२% ने आजची किंमत), म्हणजे वर्षाला ३७४.७ हवेत, आहेत ३४५, कमी पडतात ३० च्या आत. कराआधी बघितलं तर साधारण ४०. म्हणजे ३६० च्या जागी ४०० मिळवता आले तर काम जमतं. आता हा प्रश्न मार्केटिंगवाल्यांना, प्रॉडक्शनवाल्यांना विचारता येतो की बाबांनो ११% जास्त निघतील का, यावर ते बोलू शकतात. "उणे ७१" वर ते काय बोलणार.

आणि अजून एक जे तुझ्या गणितात नाहीचे पण खऱ्या कामात कायम असतं, खेळतं भांडवल. समज सुरुवातीला माल आणि उधारी यात ५० अडकले आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पूर्ण सुटले. नफ्यावर परिणाम शून्य, कॅश फ्लोच्या साध्या बेरजेवर पण शून्य, गेले तेवढे आले. पण तीन वर्षांनी येणाऱ्या ५० ची आजची किंमत ३५.६, म्हणजे १४.४ गेले, आणि एनपीव्ही उणे ८६ च्या जवळ. उधारी वाढली तर काय होतं, विक्री तर झालीच आहे ना, असं म्हणणाऱ्यांना हे दाखवायला पाहिजे. नफा दाखवणाऱ्या कंपन्या रोखीअभावी अडचणीत येतात त्या बऱ्याचदा इथूनच.

चक्रवाढ

उलटतपासणी यांचं शून्य एनपीव्हीचं गणित एकदम पटलं. एकच म्हणेन, रेट अंदाजाचा आहे हे खरं, पण तो न लावणं हा पण एक अंदाजच आहे, भागधारकाचा पैसा फुकट आहे असा, आणि तो तर नक्की चूक आहे. १५ नसेल, १३ असेल, शून्य नाही.

खतावणीवाल्या, अजून दोन गोष्टी ज्यात अकाउंटिंगच्या सवयीमुळे मार्क जातात त्या सांगून ठेवतो. वॅकची वजनं बाजारभावाने घ्यायची, ताळेबंदातल्या आकड्यांनी नाही, कारण ताळेबंदात भागभांडवल आणि राखीव निधी जुन्या काळी आत आलेले आणि साठलेले आकडे आहेत, भागधारक आज शेअर विकायचा की ठेवायचा ते आजच्या भावावर ठरवतो, परतावा पण त्याच भावावर मागतो. आणि दुसरं, आधीच खर्च झालेला पैसा, समजा प्रोजेक्टच्या चाचणीवर मागच्या वर्षी ८० गेले, तो एनपीव्हीत घ्यायचा नाही. पुस्तकात तो आहे, मान्य, पण प्रोजेक्ट घेतला काय नाही घेतला काय तो परत येणार नाही. त्यामुळे निर्णय बदलत नाही, त्याच्यावर कर वाचणार असेल तरच तेवढा भाग बघायचा, आणि तो पण प्रोजेक्ट घेतल्यामुळे वाचत असेल तर.

खतावणीवाला

आता डोक्यात प्रकाश पडला. रेसिड्युअल इन्कमचं टेबल तर वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

एक उपप्रश्न. कर्ज ७.५ आणि भागभांडवल १५, तर मग कंपनी ४०% ऐवजी ८०% कर्ज का काढत नाही? वॅक धाडकन खाली येईल, हाच प्रोजेक्ट पास होईल.

जुनी_लेजर

हे सगळ्यांनाच वाटतं, आणि १९५८ मध्ये मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. कर्ज वाढलं की भागधारकाचा नंबर आणखी मागे जातो, आधी बँकेचं ठरलेलं व्याज, उरलं तर याचं. त्याची जोखीम वाढते तसा तो जास्त मागतो, १५ वर थांबत नाही.

कर नाही असं क्षणभर धर. धंद्याचा एकूण दर १२, कर्ज ८ ने, कर्ज आणि भागभांडवल निम्मं निम्मं. भागधारक आता १६ मागेल. ८ चे निम्मे ४, १६ चे निम्मे ८, परत १२. स्वस्त कर्जाने जे वाचलं ते महाग झालेल्या भागभांडवलाने खाल्लं. मशीन काय कमावणार हे मशीनवर ठरतं, त्याचे पैसे कोणी किती दिले यावर नाही.

खऱ्या जगात कर आहे म्हणून कर्जाचा थोडा फायदा होतो, त्या दोघांनीच १९६३ मध्ये ती दुरुस्ती केली. पण ८०% कर्जावर बँक पण १०% ला देणार नाही, पुरवठादार उधार द्यायला कचरतात, चांगली माणसं सोडून जातात, हे सगळं वॅकच्या फॉर्म्युल्यात दिसत नाही पण कंपनीला भोगावं लागतं. म्हणून "आत्ताचे ७.५ आणि १५ तसेच ठेवून नुसती वजनं बदलली" असं गणित कधी करायचं नाही.

उलटतपासणी

सहमत. जोडीला आयआरआरबद्दल एक, कारण पुढच्या प्रकरणात येईलच. दोनपैकी एकच प्रोजेक्ट घ्यायचा असेल तर टक्क्यावर जाऊ नकोस. १०० लावून वर्षाने १५० हा ५०% चा, आणि १००० लावून १३०० हा ३०% चा. १२% ने पहिल्याचा एनपीव्ही ३४, दुसऱ्याचा १६१. बाकी जोखीम सारखी असेल आणि पैसा उपलब्ध असेल तर दुसरा घ्यायचा. कंपनीला शेवटी टक्के नाही, पैसे मिळतात.

खतावणीवाला

काल रात्री बसून एक करून बघितलं. ताई म्हणाल्या रेसिड्युअल इन्कम "नेहमीच" एनपीव्हीशी जुळतं, म्हणून मुद्दाम घसारा बदलला, ३००-३००-३०० ऐवजी पुस्तकात ४५०-३००-१५०, कर मात्र आधीचाच १५-१५-१५ ठेवला. नफा आला उणे १०५, ४५, १९५. बेरीज तीच १३५. सुरुवातीच्या पुस्तकी किमती ९००, ४५०, १५०, त्यावर १२% म्हणजे १०८, ५४, १८. रेसिड्युअल इन्कम उणे २१३, उणे ९, अधिक १७७. डिस्काऊंट केल्यावर... उणे ७१.३७!! पहिलं वर्ष एवढं भयानक दिसतंय तरी शेवट तिथेच. म्हणजे पहिल्या वर्षी जास्त घसारा टाकला की नफा पडतो पण पुढे तेवढाच परत वाढतो आणि मधल्या काळातलं भांडवलाचं भाडं पण कमी होतं, असंच ना? फक्त मी डिफर्ड टॅक्स (पुस्तकातला आणि कराचा घसारा वेगळा असल्याने पुढे ढकलला जाणारा कर) धरला नाही, तो धरला तर बिघडेल का?

जुनी_लेजर

अगदी असंच. शाब्बास, हे स्वतः करून बघितलंस ते फार आवडलं.

डिफर्ड टॅक्सने बिघडत नाही. पहिल्या वर्षी पुस्तकात १५० घसारा जास्त टाकलास, त्याचे २५% म्हणजे ३७.५ ची डिफर्ड टॅक्स मालमत्ता उभी राहील आणि तोटा तेवढा कमी दिसेल, उणे १०५ ऐवजी उणे ६७.५. दुसऱ्या वर्षी दोन्ही घसारे ३०० आहेत म्हणून काही बदल नाही. तिसऱ्या वर्षी ती मालमत्ता उलटेल आणि १९५ चे १५७.५ होतील. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीच्या भांडवलात मशीनसोबत हे ३७.५ पण धर, म्हणजे ४८७.५ आणि १८७.५ वर १२% लाव. करून इथे आकडे टाक, मी जुळवून बघते.